चौथ्या लूपमधलं पाणी

फोटोतला माणूस पाठमोरा होता. चेहरा दिसत असता तर ओळखायला मला कदाचित जास्त वेळ लागला असता. वाहतूक नियंत्रण कक्षाच्या कॅमेऱ्यातून काढलेलं ते चित्र करडं होतं, दाणेदार, उंचावरून खाली पाहिलेलं. वळणावर कठड्याला चिकटून एक म्हातारा उभा होता. एका हातात पांढरा प्लॅस्टिकचा कॅन, दुसरा हात गाड्यांना थांबवायला पुढे केलेला. कॅनच्या वजनाने तो डावीकडे कलला होता, आणि कलतानाही त्याने मान सरळ ठेवली होती, जणू मान आणि जमीन यांच्यातला काटकोन मोडला तर कुणीतरी दंड करील. त्या मानेवरून मला कळलं. ते बाबा होते. टेबलाभोवती फोटो फिरत होता. "पाणी चोरणारे पुष्कळ पाहिले," आमच्या अधीक्षक बाई म्हणाल्या, "स्वतःच्या घरून आणून ओतणारा पहिल्यांदाच बघतेय." सगळे हसले. मीही हसले असेन, कारण कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. फोटो माझ्या हातात आला तेव्हा मी तो पुढच्या माणसाला दिला. बोटांना कागदाचा गारवा लागला, एवढंच. आई गेल्यापासून मला गोष्टी अशाच कळतात: आधी कळतात, मग कळल्या आहेत हे कळतं, आणि त्यापुढे काही होत नाही.

मी शहराच्या उद्यान विभागात आहे, पण बाग माझ्या वाट्याला कधी येत नाही. माझं काम बागांसाठी पैसे देणारे शोधणं. दोन महामार्ग शहराच्या कडेला एकमेकांना भेटतात, तिथल्या उड्डाणपुलांच्या जंजाळाला सगळे 'गाठ' म्हणतात. गाठीत चार मोठे लूप आहेत, म्हणजे वळणाऱ्या रस्त्यांनी वेढलेले जमिनीचे चार तुकडे. कुणी एके काळी तिथे हिरवळ लावली. ती जगवायला रोज टँकर जायचे, आणि ज्या वस्त्यांना टँकर मिळत नव्हते त्या वस्त्यांमधले लोक कामावर जाताना खिडकीतून ती हिरवळ बघायचे. मग हिरवळ काढून कमी पाण्यावर जगणारी झाडं लावायची असं ठरलं: घायपात, कोरफड, निवडुंगाचे निरनिराळे प्रकार, राखी रंगाच्या गवताचे झुबके, मध्ये खडी आणि मोठे धोंडे. खर्च शहर करणार नाही, कुणीतरी द्यावा. त्या 'कुणीतरी'ला शोधायचं काम माझ्याकडे आलं. जिथे कुणी पायी जात नाही, कुणी बसत नाही, जी गाडीतून दिसते आणि नाहीशी होते, अशा बागेसाठी लोकांनी पैसे का द्यावेत हे मी वर्षभर लोकांना पटवत होते. एक तुकडा बँकेने घेतला, एक टायरवाल्यांनी, एक फरशीच्या कारखान्याने. चौथा कुणी घेईना. तो सगळ्यात आतला, उड्डाणपुलाच्या सावलीत अर्धा बुडालेला, जाहिरातीच्या दृष्टीने कुचकामी. "चौथा तुझ्या आहेरात देऊ का?" असं कात्री मला विचारायचे. कात्री म्हणजे आमचे साहेब. कुठलाही अंदाजपत्रकाचा कागद त्यांच्या हातातून अखंड बाहेर येत नाही, म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही.

चौथा तुकडा बाबांनी घेतला. आईला जाऊन थोडेच दिवस झाले होते. घरी येणारे येऊन गेले होते, खुर्च्या परत जागेवर गेल्या होत्या. मी जेवताना, काहीतरी बोलायचं म्हणून, त्या चौथ्या तुकड्याचं बोलले. बाबा ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग ते म्हणाले, "तिचे निवृत्तीचे पैसे आहेत. ते देऊन टाकू." मी म्हटलं, "बाबा, तिथे कुणी जात नाही." ते म्हणाले, "तिचा चेहरा तरी कुणी बघितला होता?" आई टेलिफोन खात्यात होती, नंबर विचारणाऱ्यांना नंबर सांगायची. अर्ध्या शहराने तिचा आवाज ऐकला होता, आणि रस्त्यात तिला कुणी ओळखत नव्हतं. मला ते बोलणं पटलं, की नुसतं अडवायचा कंटाळा आला, सांगता येत नाही. लूपमध्ये एक बुटका दगड बसवला, त्यावर तिचं नाव. धावत्या गाडीतून ते वाचता येत नाही. मावशीला मी गाडीत घालून तिथून नेलं तेव्हा ती मागे वळून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, काटे? माझ्या बहिणीच्या नावाने काटे आणि धोंडे? जगात मोगरा संपला होता का?" मी म्हटलं, "मोगऱ्याला पाणी लागतं, मावशी." ती म्हणाली, "मग लागू दे की! कुणाला नाही लागत?" मावशी पदराने काच पुसत बसली. काच स्वच्छ होती.

बैठकीत अधीक्षक बाई आता गंभीर झाल्या होत्या. बाई बोलायला फटकळ, पण झाडांच्या बाबतीत हळव्या. त्या सांगत होत्या की बाकीचे तीन लूप ठणठणीत आहेत आणि चौथ्यातली झाडं बुंध्यापासून काळी पडतायत. ही झाडं लावल्यावर सुरुवातीला पाणी द्यायचं, मग कमी करत न्यायचं. तहान लागली की मूळ खोल जातं. वरच पाणी मिळत राहिलं तर ते खाली जात नाही, तिथेच कुजतं. "आणि हा माणूस काय शिस्तीत मारतोय बघा," बाई म्हणाल्या. "ओळीने सगळी. एक कमी नाही, एक जास्त नाही. प्रत्येकाला अगदी सारखं पाणी. असा काटेकोर वेडा मी जन्मात पाहिला नाही." परत हशा. कात्री हसले नाहीत. सोमवारी पाहणी समिती येणार होती. एक लूप जरी मेलेला दिसला तरी ही कोरड्या बागेची कल्पना फसली असं लिहिलं जाईल, आणि चारही तुकड्यांत फरसबंदीचे रंगीत ठोकळे बसवले जातील. ठोकळेवाला कधीचा बाहेरच्या बाकावर बसून आहे. दगड काढून गोदामात ठेवू, असंही कात्री म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, "म्हणजे, नीट ठेवू." पोलिसांना सांगून त्या म्हाताऱ्याला उचलायचं का, असा विषय निघाला. मी म्हटलं, "मी बघते." कात्री म्हणाले, "तू काय बघणार? तो गाडीखाली आला तर मला बघावं लागेल." "मी बघते," मी परत म्हटलं. बाहेर पडताना अधीक्षक बाईंनी माझ्या दंडाला धरलं. "ओळखीचं आहे का गं कुणी?" मी नाही म्हटलं. त्यांनी दंड सोडला, पण लगेच नाही.

काटेकोर वेडा. बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू, लिटर-अर्ध्या लिटरची मापं, पेट्रोलपंपाचे काटे तपासायचे. आमच्या घरात 'अंदाजे' या शब्दाला बंदी होती. दूधवाला त्यांना बघून चळचळ कापायचा, आणि आई दारातून म्हणायची, "अहो निरीक्षक, आत या, त्याला सुखाने धंदा करू दे." लहानपणी मला वाटायचं की जग थोडं थोडं सांडत असतं आणि बाबा ते सांडू नये म्हणून फिरत असतात. आईच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं तेव्हा डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला आणि सगळ्यात वर पाणी लिहिलं. दिवसाचं ठरलेलं, त्यात चहा आला, औषधाबरोबरचा घोट आला, आमटीतलं पाणीसुद्धा आलं. डॉक्टरांनी ते मला समजावून सांगितलं, पण ऐकलं बाबांनी. त्यांनी कपाटातून त्यांचं स्टीलचं सरकारी माप काढलं, निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी गंमत म्हणून भेट दिलेलं, आणि त्या दिवसापासून आईचं पाणी त्या मापाने आलं. सकाळी बाटली भरली जायची. बाटलीतलं माप करून पेल्यात, पेल्यातलं तिच्या ओठांना. आठवड्यातले तीन दिवस ती यंत्राला जोडली जायची आणि यंत्र तिच्या अंगातलं पाणी काढून घ्यायचं. घरी आली की तिची जीभ टाळूला चिकटलेली असायची. शब्द सोलून काढल्यासारखे बाहेर यायचे. ज्या आवाजाने तिने शहराला नंबर सांगितले तो आवाज खरखरीत, कागद चुरगळावा तसा झाला. "अहो, एक घोट." "अर्ध्या तासाने." "निरीक्षक, लाच घ्या हवी तर. बांगडी देते." बाबा हसायचे, आणि द्यायचे नाहीत. बर्फाचा खडा द्यायचे, तो मापात धरून. शेवटी शेवटी ती विनोद करेनाशी झाली. नळाच्या आवाजाकडे मान वळवायची. आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून भांडी घासायला लागलो, पाण्याची धार बारीक ठेवून, आवाज होऊ नये अशी. बाबा तिच्यासमोर पाणी प्यायचे नाहीत. नंतर मला वाटतं ते दिवसभर प्यायचेच नाहीत. मी ऑफिसात थंड पाण्याच्या यंत्रापाशी उभी राहून पेल्यामागून पेला प्यायचे आणि प्यायल्यावर तोंड पुसून घरी जायचे.

हे सगळं मला सविस्तर आठवतं आणि आठवताना काही होत नाही. हाताला मुंग्या येऊन गेल्यावर तो हात दुसऱ्याचा वाटतो, आपण तो उचलून मांडीवर ठेवतो, तशी मी हे उचलून ठेवते. पूर्वी मी पुष्कळ वाचायचे. पुस्तकांत माणसं शोक करतात तेव्हा त्यांना काहीतरी उमगतं, निदान खिडकीबाहेर तरी काही दिसतं. मी खिडकीबाहेर बघते तेव्हा समोरच्या इमारतीतला माणूस सायकलच्या व्यायामयंत्रावर बसून घामाघूम होत असतो आणि कुठेही जात नाही. त्या संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाबा टेबलापाशी बसून चष्म्याचा स्क्रू घट्ट करत होते. दारामागे कॅन होता, कोरडा, तोंड उघडं, वास जावा म्हणून ठेवतात तसा. मी तो रोज बघत होते, आणि बघत नव्हते. "आज काय केलंत?" मी विचारलं. "काय करणार. फिरून आलो." "कुठे?" "असंच. तिकडे." त्यांच्या पँटच्या खालच्या कडेला खडीची पांढरी धूळ होती. मी सांगायला हवं होतं तेव्हाच. वाक्य तयार होतं: बाबा, तुमच्या पाण्याने झाडं मरतायत. ते तोंडात आलं आणि त्याच्या पोटातलं दुसरं वाक्य मला दिसलं, आणि मी गॅस पेटवायला गेले. ज्या माणसाने पाणी नाकारलं त्याच्यापाशी आता देणं उरलं होतं. ते त्याच्याकडून काढून घेतलं तर तो सकाळी कशासाठी उठेल? नाही काढून घेतलं तर सोमवारी ठोकळे, दगड गोदामात, किंवा त्याआधीच एखाद्या दिवशी ते वळण, तो पुढे केलेला हात आणि न थांबलेली गाडी. दोन्ही बाजू मी तराजूत घालून पाहिल्या. काटा हलला नाही, कारण मीच कुठे हलत नव्हते.

रविवारी ते निघाल्यावर मी थोड्या वेळाने निघाले. गाठीपर्यंत बस जाते, त्यापुढे एका बंद पडलेल्या नर्सरीमागून पायवाट आहे, ती पुलाखालून निघते, आणि मग उताराचा एक रस्ता ओलांडला की चौथा लूप. मी या जागेचे नकाशे शंभरदा पाहिले होते. स्वतःच्या पायांनी आत उभी राहिले नव्हते. आत आवाज वेगळा आहे. गाड्या चहूबाजूंनी फिरत असतात, एक गेली की दुसरी, आणि थोड्या वेळाने तो आवाज बाहेरून येतोय असं वाटेनासं होतं. उन्हाने खडी तापली होती. पुलाची सावली मधोमध पडली होती आणि तिच्या कडेला बाबा वाकून काम करत होते. कॅन तिरपा करून स्टीलच्या मापात पाणी घ्यायचं, डोळ्यांच्या रेषेत धरायचं, जास्त झालं तर थेंबभर परत कॅनमध्ये, आणि मग कोरफडीच्या बुडाशी सावकाश, गोल फिरवत. ओतताना ते काहीतरी बोलत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "घे. घे हं. अजून आहे."

"आलीस का," ते मला बघून म्हणाले. दचकले नाहीत. "बरं झालं. तिकडची ओळ राहिलीय, माझी कंबर धरते."

"बाबा, थांबा."

"एवढी झाली की थांबतो."

मी त्यांच्यासमोरची कोरफड धरली आणि ओढली. जोर लावावाच लागला नाही, ओल्या मातीतून चमचा निघावा तशी ती हातात आली. खालचा भाग काळा, बुळबुळीत, मुळांच्या जागी चार धागे. शिळ्या फुलदाणीतल्या पाण्याचा वास आला. "हे पाण्याने झालंय," मी म्हटलं. "यांना द्यायचं नसतं. दिलं की मूळ खाली जात नाही. वरच कुजतं. ऑफिसात सगळ्यांना कळलंय, कॅमेऱ्यात तुम्ही दिसलात. उद्या समिती येतेय, त्यांनी हे बघितलं तर सगळं उखडून ठोकळे घालतील." मी हे सगळं एका सुरात बोलले, कुठल्याही देणगीदाराला माहिती सांगते तसं. बाबांनी कोरफड माझ्या हातातून घेतली. चष्मा कपाळावर सरकवून मुळापाशी डोळा नेला. तपासणी करताना ते असंच करायचे. आधी माणसाकडे बघायचे नाहीत, वस्तूकडे बघायचे.

"सगळी गेली?"

"या कडेची गेली. मधली वाचतील. आजपासून बंद केलं तर. आमच्या अधीक्षक बाईंना बोलावते, मेलेली आम्ही आज काढून टाकू, तिथे खडी पसरू."

"पानं मऊ पडली होती," ते म्हणाले. "मला वाटलं, सुकतायत. म्हणून वाढवलं."

"जास्त पाण्यानेही मऊच पडतात."

"म्हणजे दोन्हीकडून सारखंच दिसतं."

"हो."

एक मोठा ट्रक वळणावरून गेला. पायांखालची जमीन बारीक थरथरली आणि गवताचे झुबके एका बाजूला झुकून परत उभे राहिले. बाबांनी कोरफड खडीवर आडवी ठेवली, नीट, पानं एका दिशेला करून. "म्हणजे तहान लागलेली दिसत असली तरी द्यायचं नाही," ते म्हणाले, "आणि ते बरोबर असतं." शेवटी प्रश्नाचा सूर नव्हता, पण ते माझ्याकडे बघत होते. आणि मला कळलं की ते काय विचारतायत, कधीपासून विचारायचं होतं, आणि विचारायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. हो म्हणणं सोपं होतं. डॉक्टर तेच म्हणाले होते, कागदावर तेच होतं. लोकांना पटवणं हेच तर माझं काम. उन्हाने माझी मान भाजत होती. मी त्यांच्या हातातल्या मापाकडे पाहिलं, त्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

"बरोबर होतं, बाबा," मी म्हटलं. "आणि तिला तहान लागली होती."

त्यांनी मान हलवली, एकदाच, वर-खाली, जसं एखाद्या दुकानात वजन पुरं भरल्यावर हलवायचे. डोळे पुसले नाहीत. नाक शिंकरलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला, आणि खाली बसले, तापलेल्या खडीवरच. मीही शेजारी बसले. समोर आईच्या नावाचा दगड होता, पण आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत होतो. एका गाडीच्या मागच्या काचेतून एक कुत्रा आमच्याकडे बघत गेला. "हिला हे आवडलं नसतं," बाबा म्हणाले. "गोंगाट किती." मी म्हटलं, "तिला गोंगाटाची सवय होती. एका खोलीत चाळीस बायका बोलायच्या त्यांच्या." "तेही खरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मग मी इथे येऊन करायचं काय?" मी म्हटलं, "काही नाही. बसायचं." "नुसतं?" "नुसतं. पण पुलाखालून यायचं आणि गाड्या थांबल्या की मगच रस्ता ओलांडायचा. हात दाखवून नाही." ते ओशाळून हसले. "थांबतात गं गाड्या. म्हाताऱ्याला बघून थांबतात."

उठताना त्यांनी कॅन उचलायला घेतला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. मी म्हटलं, "इथेच ओतून टाका, हलका होईल." ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग मलाही ते ऐकू आलं. इथे तर ओतता येत नव्हतं. "रस्त्यावर ओता," मी म्हटलं. "रस्त्यावर?" ते म्हणाले. "पिण्याचं पाणी आहे ते." मग मी कॅनच्या मुठीत एका बाजूने बोटं घातली आणि दुसऱ्या बाजूने त्यांनी. मूठ दोघांच्या हातांना पुरत नव्हती. त्यांची बोटं माझ्या बोटांवर आली, कोरडी, गरम. आम्ही कडेला येऊन उभे राहिलो. गाड्यांची रांग तुटेना. एक पांढरी गाडी वेग कमी करत आली आणि थांबली, आतल्या बाईने चला म्हणून हाताने खूण केली. आम्ही रस्त्यावर उतरलो. कॅन दोघांच्या मध्ये झोके घेत होता, पाणी आत एकदा त्यांच्याकडे जात होतं, एकदा माझ्याकडे, आणि ज्याच्याकडे जाईल त्याचा खांदा खाली ओढत होतं. दंडापासून मनगटापर्यंत दुखायला लागलं. "हळू," बाबा म्हणाले. मी पाऊल लहान केलं. पांढऱ्या गाडीमागे दुसरी गाडी येऊन थांबली, तिच्यामागे तिसरी, आणि कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. आम्ही घाई केली नाही.